नवव्या पटावरचं अर्धं अक्षर

खराळवाडी, पिंपरी
२० मार्च १९७५

जयसिंग,

चिरंजीव लिहिलं नाही आणि आशीर्वादही लिहिले नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला पत्र लिहिताना पहिल्या ओळीत काय लिहायचं असतं ते मला ठाऊक आहे. हात पुढे जाईना, त्याला मी काय करू?

पोलिसांना तू सांगितलंस म्हणे, की तू गर्दीत मागे होतास आणि तुला काही दिसलं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवते. वाचल्यावर तरी दिसेल.

माघी पौर्णिमा होती. भिवरवाडीच्या पारावर नानासाहेबांनी तांब्याचे नऊ पट मांडले होते. चार वर्षांपूर्वी इंद्रायणीकाठी विहीर खणताना हे पट सापडले, असं नानासाहेब सांगतात. त्यावरची लिपी जगात कुणालाच येत नाही, एकट्या नानासाहेबांना येते, तीही डोळ्यांवर फडकं बांधल्यावर. आपण लहानपणी फडकं बांधून आंधळी कोशिंबीर खेळायचो, आपल्या हाती कधी धर्मग्रंथ लागला नाही. नवव्या पटाच्या कडेला एक अक्षर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं नदीच्या पोटात आहे आणि वेळ भरली की कुणी ‘आई’ ते घेऊन येईल, असंही ते सांगतात. सांगू देत. पहिल्या सहा पटांत दया, क्षमा आणि शांती होती, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

सातव्या पटात मात्र नदीकाठची जमीन पवित्र निघाली. तिच्यावर बौद्धांची अकरा घरं आहेत, ती देवाला खपत नाहीत, असंही निघालं. मग पौषात भर दुपारी तुम्ही ती अकरा घरं पेटवलीत. कोंडीराम कंपनीत तुझ्या दाजींच्या शेजारच्या मशीनवर काम करतो. त्याची आई केसरबाई पायाने अधू, ती आतच राहिली. त्याने तिला बाहेर काढलं तेव्हा लुगडं कुठलं आणि कातडी कुठली ते कळत नव्हतं. दोन दिवस जगली. ते दोन दिवस तुझे दाजी तिच्या उशाशी बसून होते. उठले आणि मला म्हणाले, “आता गप बसायचं न्हाई.”

गावात पत्रकं वाटून पौर्णिमेला ते पारावर चढले. नववा पट उचलून म्हणाले, “नानासाहेब, ह्यो पत्रा मशीनवर कापलाय. ह्याची कड बघा. छिन्नीनं कापलेली कड अशी निघत न्हाई.” बस, एवढंच. आवाजही चढवला नव्हता.

नानासाहेबांच्या पायाशी बसलेला अर्जुनराव ओरडला, “तू कोन सांगनार? तुझं शिक्षान काय?”

आणि तू उठलास. तुझ्या हातात कागद होता. तुझ्या दाजींना पदवी देणारी कलकत्त्याकडची संस्था घरबसल्या कुणालाही डॉक्टरेट देते, असं त्यावर होतं. तू म्हणालास, “पत्रकावर डॉ. साहेबराव छापलंय, ते खोटं हाय. ह्यो सातवी फायनल पास फिटर हाय.” आधी सगळे हसले. मग भंडाऱ्याचं वाटण वाटायचा वरवंटा आला.

चौघांनी त्यांना आडवं पाडलं. पट मांडले होते त्याच दगडावर त्यांचा उजवा हात ठेवला. अर्जुनरावाने पहिला घाव घातला तेव्हा ते ओरडले. दुसऱ्या घावाला माझं नाव घेतलं. तिसऱ्यानंतर आवाज आला नाही, तरी अर्जुनराव थांबला नाही. मग कुणीतरी डोक्यात लाथ घातली आणि डोकं पाराच्या कडेवर आपटलं. चार बोटांच्या आत हाडांचा चुरा आहे, असं डॉक्टर म्हणतात.

त्यांचं मनगट ज्याने दाबून धरलं होतं त्याच्या हाताच्या पाठीवर तव्याचा डाग होता. तू चार वर्षांचा असताना मी भाकऱ्या करत होते, तेव्हा तुला तो बसला होता. आई गेल्यावर मीच तुला वाढवलं, तुझा हात मला ओळखू येणार नाही का?

पोलिसांना मीही सांगितलं की गर्दी होती, कुणी ओळखू आलं नाही. तुझ्यासाठी खोटं बोलले. आता माझं एकच मागणं आहे. त्याच पारावर उभा राहा आणि सगळ्यांदेखत म्हण, साहेबराव खरं बोलत होते. कोर्टकचेरी मला नको. एवढं एक वाक्य हवंय.

कस्तुरा

खराळवाडी
भाऊबीज, १९७५

जयसिंग,

भाऊ आला नाही तर बायका चंद्राला ओवाळतात. आज संध्याकाळी चाळीच्या अंगणात मी ताट घेऊन उभी राहिले, तर चंद्र ढगात. म्हटलं, बरोबर आहे, माझे भाऊ सगळे एकाच वळणाचे.

तुझे दाजी कामावर जातात. टूलरूममधून काढून त्यांना गेटवर बसवलंय. केसाएवढा फरक ज्यांच्या बोटांना कळायचा ते आता लोकांचे डबे उघडून बघतात. महिन्यातून दोन-तीनदा झटके येतात. दातखिळी बसते, टाचा फरशीवर आपटत राहतात, तोंडातून फेस येतो. मी चमच्याला फडकं गुंडाळून दातांत घालते. एकदा चमचा निसटला आणि माझं बोट हाडापर्यंत चावलं गेलं. शुद्धीवर आल्यावर माझं रक्त त्यांच्या ओठांवर बघून लहान मुलासारखे रडले. झटक्यातून बाहेर येताना एकच गोष्ट बडबडतात, “पातं काढा. पातं घासायला टाका.” कसलं पातं ते मला कळत नाही आणि विचारलं तर सांगत नाहीत.

आज एक कबूल करायचं आहे. सणाचा दिवस आहे, खोटं बोलवत नाही.

ती पदवी तुझ्या दाजींनी घेतलेली नव्हती. मी घेतली. रविवारी ते सायकलवर देहू, चऱ्होली, मोशी करत फिरायचे, हे तुला ठाऊकच आहे. टूलरूममधली निळी शाई जुन्या शिलालेखांवर लावायची आणि कागद दाबून ठसा घ्यायचा. सगळं बिनमास्तराचं शिक्षण. ते वाचून दाखवायचे आणि मी स्वच्छ अक्षरात उतरवायचे. चौथी शिकलेल्या माझ्या हाताला हे वळण त्यांनीच लावलं. गेल्या साली त्यांनी नानासाहेबांना घरच्या बैठकीत, नम्रपणे सांगितलं होतं की नऊच्या नऊ पटांवर तीच तीच बारा-पंधरा चिन्हं उलटसुलट आहेत, ही भाषा नाही. नानासाहेबांनी शिक्षण विचारलं आणि बैठक हसली. घरी येऊन मला सांगताना तेही हसत होते. मला मात्र हसू येईना.

शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर मी ती जाहिरात वाचली. अर्ज भरला, त्यांची सही केली. लाल लाखेचा शिक्का लावलेली गुंडाळी पोस्टाने आली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, “कस्तुरा, उद्या चाळीतली लोकं सुई टोचून घ्यायला येतील.” आणि पेटीत टाकून दिली. केसरबाई गेल्यावर ती पेटीतून मीच काढली. म्हटलं, नावापुढे हे लावा, मग ऐकतील. दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून पत्रकं छापून आणली. आयुष्यात एकच खोटं बोलले, तेही माझ्या भरीला पडून. त्यांनी विचारलेला प्रश्न पत्र्याच्या कडेचा होता, त्याला डॉक्टर लागत नव्हता.

आणि तुला हे कुणी सांगितलं? मीच. गेल्या भाऊबीजेला तू पाटावर बसला होतास, हातात करंजी होती. गंमत म्हणून सांगितलं. तू पोट धरून हसलास, लहानपणी हसायचास तसा. मला किती बरं वाटलं होतं.

तुझ्या दाजींना वाटतं की नानासाहेबांनीच शोध लावला. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. सांगायची छाती नाही.

ते एक वाक्य तेवढं बोल.

कस्तुरा

खराळवाडी
२८ ऑगस्ट १९७९

जयसिंग,

तुझे दाजी गेले, हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. मोरीत आंघोळ करत होते. तांब्या पडल्याचा आवाज आला. कडी आतून होती. मी आणि शेजारच्यांनी दार मोडलं तोवर डोकं मोरीच्या कडेवर आपटून आपटून कवटी मऊ झाली होती. झटका संपला होता, पण डावा हात अजून हलत होता. मी तो धरून बसले आणि थोड्या वेळाने तो थांबला. चार वर्षं लागली, पण अर्जुनरावाचा घाव शेवटी पोचला.

दहाव्याला नदीच्या घाटावर भिवरवाडीच्या बायका आल्या. अर्जुनरावाची बायको सर्वांत पुढे. तिने माझं मनगट दगडावर ठेवलं आणि बांगड्या फोडल्या. दगडावर मनगट ठेवायची तुमच्या गावाला चांगलीच सवय आहे. एक काच आत शिरली, अजून निघालेली नाही. मग तिने माझं कुंकू पुसलं, चांगलं घासून, जणू भांड्याला करप लागलाय.

तू पलीकडच्या काठावर उभा होतास. मी पाहिलं. तुझी शालन म्हणाली, नदीला पाणी होतं म्हणून आले न्हाईत. पूल होऊन किती वर्षं झाली, जयसिंग?

मला तुझा राग येतो. आणि कावळा पिंडाला शिवेना तेव्हा मनात आलं, की तू इकडे आलास तर शिवेल. शेवटी कोंडीरामने हात जोडून सांगितलं, “साहेबराव, तुमचं वाक्य मी वदवून घेतो त्याच्याकडून.” मग शिवला. त्यांना काय हवं होतं ते कोंडीरामला ठाऊक होतं आणि तुलाही ठाऊक आहे.

कस्तुरा

खराळवाडी
७ डिसेंबर १९८०

जयसिंग,

आता मला सगळं कळलंय.

दाजींची हत्यारांची पेटी मी कोंडीरामला द्यायला काढली. त्याने पुसायला म्हणून तळातली फळी उचलली. खाली मेणकागदात तांब्याची एक पट्टी होती, दीड बोट रुंद. तिच्या कडेला अर्धं अक्षर. बाजूला चिठ्ठी होती. वर जुन्या शाईत लिहिलंय, ‘ऑक्टोबर १९७१. भंगाराच्या पिंपात सापडली. चिन्ह ओळखीचं नाही.’ खाली वेगळ्या शाईत, ‘नवव्या पटाची जोड. गिलोटिन नंबर दोन. जयसिंगची पाळी होती. कस्तुराला कळू नये.’

कोंडीरामने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, “वैनी, पत्रा कापायच्या दोन नंबरच्या मशीनचं पातं तवा फुटलं व्हतं. कापंल तिथं राईएवढा उंचवटा ऱ्हायचा. साहेबरावांनी तीनदा चिठ्ठी दिली, पातं काढा, घासायला टाका म्हून. ह्यो बघा, पट्टीवर त्याचाच खळगा हाय.” झटक्यात कुठलं पातं दिसायचं ते मला पाच वर्षांनी कळलं.

तेव्हा तू त्याच मशीनवर हेल्पर होतास. म्हणजे पट तू केलेस. कंपनीच्या पत्र्यावर अक्षरं ठोकलीस, मग पत्रा कापलास, आणि घाईत एक अक्षर मधून कापलं गेलं. नानासाहेबांनी त्या चुकीचं सुद्धा भाकीत करून टाकलं!

तुझ्या दाजींना ही पट्टी पारावर खिशातून काढता आली असती. पत्र्याला जोडून दाखवली असती तर कुणी पदवी विचारली नसती. पण मग पत्रा कुणी कापला, हेही निघालं असतं. म्हणून फक्त म्हणाले, कड बघा. वरवंटा वर गेला तेव्हाही तुझं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. त्यांनी गप्प राहून तुला वाचवलं आणि मी पोलिसांशी खोटं बोलून. दोघांनी मिळून तुला वाचवलं आणि एकमेकांना त्यातलं काही सांगितलं नाही. असा आमचा संसार.

पट्टी घेऊन मी पुण्याला गुरुदत्त सरांकडे गेले. कॉलेजात जुन्या लिप्या शिकवतात, दाजींचे ठसे बघायला पूर्वी घरी यायचे. पंच्याहत्तर साली दाजींनी त्यांना हात जोडले होते, माझ्याबरोबर पारावर चला म्हणून. तेव्हा ते म्हणाले होते की माझं नाव यात नको. खरी पदवी घरात बसली आणि खोटी मार खायला गेली. सर आता म्हातारे झालेत. म्हणाले, अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे. त्यांच्या संस्थापकाला डोंगरात सोन्याचे पट सापडले आणि त्याने ते वाचून ग्रंथ दिला, असं ते मानतात. पट देवदूत परत घेऊन गेला म्हणतात, त्यामुळे ते कुणाला तपासता येत नाहीत. मग भांडण तपासणाऱ्यावर येतं, की हा खरा पंडित की खोटा, याची पदवी कुठली. मी म्हटलं, “सर, आमचे पट तर कुणी नेलेले नाहीत. पारावर पडलेत. बघायला चला.” ते चष्मा पुसत बसले. मी चहा न घेता निघाले.

माघी पौर्णिमेला मी भिवरवाडीला येते, पट्टी घेऊन. त्याआधी पारावर उभा राहून तू आपण होऊन बोललास, तर ही पट्टी मी इंद्रायणीत टाकीन आणि पत्रा कुणी कापला ते कुणाला कळणार नाही. दाजींनी तुला वाचवलंय, त्यांचं मन मला मोडवत नाही. पण ते खोटे होते असं लोक अजून म्हणतात, तेही मला सोसवत नाही.

कस्तुरा

खराळवाडी
२ मार्च १९८१

चि. जयसिंग यास,
कस्तुराअक्काचे अनेक आशीर्वाद.

दवाखान्यात तुझ्यापाशी बसायला हवं, पण मी आले की माझ्यामागे नारळ घेऊन माणसं येतात आणि नर्स सगळ्यांना हाकलते. म्हणून लिहिते. शालन वाचून दाखवील. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत तू ऐकून घे. पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू शुद्धीवर नव्हतास.

आधीचं तुला आठवतं का? मी पारावर चढले. कोंडीराम सायकल घेऊन सडकेवर उभा होता. अर्जुनरावाने विचारलं, “बाई, तुमचं शिक्षान काय?” मी म्हटलं, “चौथी. आन् भाकरी येती.” लोक हसले. मी पट्टी काढली आणि नवव्या पटाच्या कडेला लावली. अर्ध्या अक्षराला अर्धं अक्षर बसलं, खळग्यात उंचवटा बसला. केस जाईल एवढी फट राहिली नाही. मी म्हटलं, “बघा, कंपनीच्या भंगारातली पट्टी हाय ही. माझा नवरा खरं बोलत व्हता.”

सगळे वाकून बघायला लागले. मला वाटलं, झालं. सहा वर्षांनी झालं एकदाचं.

आणि नानासाहेबांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. “आई आली! अर्धं अक्षर घेऊन आली!”

पुढचं तू पाहिलंस. माणसं पारावर तुटून पडली. कुणी शंख फुंकला, कुणी माझ्या पायांवर पाणी ओतलं. मी घसा फाडून ओरडत होते, “अरं भंगार हाय हे, भंगार!” तर लोक माझ्याबरोबर ‘आई, आई’ ओरडायला लागले. अर्जुनरावाच्या बायकोने मूठभर कुंकू माझ्या कपाळावर थापलं. जिने पुसलं होतं तिनेच.

ते कुंकू बघून तुझा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. तू माणसं ढकलत वर आलास आणि म्हणालास, “तिला सोडा. पत्रा मी कापला. अक्षरं मी ठोकली. नानासाहेब म्हणले, सपनात दिसलंय, तू फकस्त तांब्यात उतरव. मी उतरवलं. साहेबराव खरं बोलत व्हते.”

ऐकलं मी. तुझं वाक्य ऐकलं, जयसिंग. इतकी वर्षं मागत होते, ते मिळालं.

अर्जुनराव म्हणाला, “तू लिवलंस? मग वाच बघू काय लिवलंय.”

तू म्हणालास, “मला वाचता येत न्हाई. त्यात काय न्हाईच.”

“वाचता येत न्हाई आन् म्हनं लिवलं! लेका, मशीनवरचा हेल्पर तू, तुझं शिक्षान काय?” सगळा पार हसला. मी त्या हसण्यावर डोळे मिटले, कारण त्याच्यामागून काय येतं ते मला ठाऊक होतं.

वरवंटा तोच होता. त्यांनी तुझा हात त्याच दगडावर ठेवला, तव्याच्या डागाचा. पहिल्या घावाला हाड बाहेर आलं. मग हात सोडून तोंडावर मारायला लागले, दात पाराच्या फरशीवर सांडले. कुणीतरी काठीचं टोक डोळ्यात घातलं. तू ‘अक्का’ म्हणालास. नानासाहेब डोळे मिटून बसून होते.

इथून पुढचं तुला ठाऊक नाही. मी तुझ्यावर पडले. ओरडले, “माणूस हाय त्यो!” कुणी ऐकलं नाही. “माझा भाऊ हाय!” कुणी ऐकलं नाही, माझ्या अंगावरून हात घालून मारत होते. “खरं बोलतोय त्यो!” त्यावर तर जास्तच. मग मी गुडघ्यांवर उठले आणि म्हणाले, “आईची आज्ञा हाय. मागं सरा.”

वरवंटा वर गेला होता तो तिथेच थांबला. अर्जुनरावाने तो खाली ठेवला आणि मला हात जोडले. तुझं रक्त माझ्या पदरावर होतं. बायका येऊन तो पदर डोळ्यांना लावायला लागल्या. खऱ्याला त्यांनी दोनदा वरवंटा दिला होता. मी खोटं बोलले आणि पाच पावलं रस्ता मिळाला. कोंडीरामने तुला उचललं आणि सडकेवरच्या टेम्पोत घातलं. ज्याची आई तुम्ही जाळलीत त्यानेच. डॉक्टर म्हणतात, आणखी एक घाव बसता तर उरला नसता. डावा डोळा गेला. उजवा राहील.

त्या दिवसापासून चाळीच्या जिन्यात रांग असते. मी दार लावून घेतलं तर उंबऱ्यावर हळद वाहून जातात. दाजींच्या फोटोसमोर उभं राहवत नाही. त्यांची पदवी पोस्टाने आली होती, माझी पारावर मिळाली. त्यांना निदान खालमानेने चालायचं कळत होतं.

परवा कोंडीराम आला. ती अकरा घरं सहा वर्षं मोशीच्या खाणीजवळ पत्र्याखाली राहतायत, त्यातलंच एक त्याचं. आधी तुझी चौकशी केली. मग म्हणाला, “वैनी, तुमी म्हनाल ते लोक ऐकत्यात. पर साहेबरावांना आवडलं नसतं.” मी विचारलं, “आन् केसरबाईला?” तो उठून गेला.

काल नानासाहेबांची माणसं पट घेऊन इथे आली. पालखीतून. नववा पट आता पट्टीसकट मढवलाय. आईने वाचून दाखवावं, अशी विनंती होती. सांगता आलं असतं, की चला, निघा. तेच सांगणार होते, देवाशपथ. पण अर्जुनराव दारात उभा होता आणि त्याचे हात दिसत होते.

मी हात धुतले, पाटावर बसले आणि डोळ्यांवर फडकं बांधलं. सातव्या पटावर बोट ठेवलं. म्हटलं, हे आजवर अर्धंच वाचलं गेलं होतं. नदीकाठची जमीन पवित्र आहे, कारण तिथे केसरबाई जळाली. तिचं घर होतं तिथे पहिलं घर बांधा. मग उरलेली दहा. पायाचे दगड अर्जुनरावाने डोक्यावरून वाहून न्यायचे. घरं उभी राहिली की तुम्ही सगळ्यांनी जाऊन त्या अकरा कुटुंबांचे पाय धरायचे. आणि साहेबरावांना खोटं म्हणेल त्याची जीभ झडेल.

तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. दाजी असते तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. त्यांच्या नावासाठी मी त्यांच्या डोक्यावर आणखी एक खोटं ठेवलं. तू बरा झालास की मला सांग, मी चुकले का. तुला विचारते, कारण आता तू एकटाच आहेस की ज्याने खरं बोलून मार खाल्लाय.

अर्जुनरावाने मान खाली घातली. म्हणाला, “व्हय, आई. उद्यापास्नं.” बाकीच्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकवलं. फडक्याआडून मला काही दिसत नव्हतं, नुसती तांब्याची गार कड बोटाला लागत होती आणि तिच्यावर तो राईएवढा उंचवटा. वाट बघत होते की कुणीतरी विचारील.

माझं शिक्षण कुणी विचारलं नाही.

तुझी,
अक्का